घोडं कुठं पेंड खातं?

आमच्या भाच्याला सीईटीत चांगले मार्क मिळाले आणि माझ्यावर संकट कोसळलं. परीक्षेच्या आधी, पाडव्याच्या जेवणात, श्रीखंडाच्या दुसऱ्या वाटीनंतर मी बोलून गेलो होतो, "नव्वदच्या वर पर्सेंटाइल आण, तुझं ते ग्राफिक्स कार्ड मी घेऊन देतो." ग्राफिक्स कार्ड म्हणजे एटीएम कार्ड आणि शुभेच्छापत्र यांच्या मधला काहीतरी प्रकार असावा, फार तर हजार-दीड हजाराला मिळत असावा, अशी माझी समजूत होती. बँकेत तीस वर्षं मी कॉम्प्युटरसमोर बसलोय. पण समोर बसणं वेगळं आणि आत डोकावणं वेगळं.

निकालाच्या संध्याकाळी भाचेबुवा मोबाइल पुढे करून उभे राहिले. पडद्यावर विटेएवढं, काळंकुट्ट, दोन पंख्यांचं काहीतरी होतं. नाव आरटीएक्स ४०६०. किंमत तीस हजारांच्या आसपास.

"याला पंखे कशाला?"

"गरम होतं ना मामा."

मी पुन्हा किमतीकडे पाहिलं. मलाही पंख्याची गरज वाटू लागली.

पण शब्द दिला होता, आणि मामाचा शब्द. मनाचा हिय्या करून म्हटलं, "घे बाबा. मागव." त्यावर हे चिरंजीव खूश व्हायचे, तर उलट चेहरा पाडून म्हणाले, "नुसतं कार्ड घेऊन नाही चालणार. आपला प्रोसेसर त्याला पुरा पडणार नाही. बॉटलनेक होईल."

"मराठीत सांग."

"बाटलीची मान."

"बाटली कुणाची रे?" स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला. आमच्या ताईला कुकरच्या तीन शिट्ट्या ऐकू येत नाहीत, पण बाटली हा शब्द ती दोन भिंतींपलीकडून टिपते.

तिची समजूत घालून झाल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाटली केवढीही मोठी असली तरी पाणी मानेतून जाईल तेवढंच बाहेर येणार. म्हणजे एका जागी सगळं अडतं. याला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एक नाव आहे. कर्जाची फाइल पुढे सरकेना की आमचे जुने मॅनेजर चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "घोडं कुठं पेंड खातंय बघा जरा." भाच्याला मी तो वाक्प्रचार दिला. त्याला तो इतका आवडला की पुढचे दोन आठवडे आमच्या घरात कॉम्प्युटरचा विषय कमी आणि घोड्याचा जास्त निघाला.

घरचा कॉम्प्युटर २०१३ सालचा. आत कोअर आय फाइव्ह ३४७०, चार कोअरचा. त्या काळी मोठ्या रुबाबाचा प्रोसेसर होता, भावोजींनी तो घेतल्यावर पेढे वाटले होते. आता त्याच्या शेजारी आरटीएक्स ४०६० बसवलं तर घोडं नेमकं कुठं अडेल, ते भाच्याने मला समजावलं.

पडद्यावर हलणारा खेळ म्हणजे सेकंदाला साठ स्थिर चित्रं. एका चित्राच्या वाट्याला साधारण १६.७ मिलिसेकंद येतात. तेवढ्यात प्रोसेसरने ठरवायचं की कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, भिंत पडली की उभी राहिली. ठरलं की कार्डाला हुकूम सोडायचा, "आता हे रंगव." मग कार्ड आभाळ, पाणी, सावल्या, तलवारीवरची चमक असं सगळं ठिपक्या-ठिपक्याने रंगवतं. तोवर प्रोसेसर पुढच्या चित्राच्या हिशेबाला लागलेला असतो.

"आता सांग मामा, प्रोसेसर सेकंदाला सत्तर चित्रांचे हुकूम सोडू शकतो आणि कार्ड एकशेवीस चित्रं रंगवू शकतं. तर मिळतील किती?"

"पंच्याण्णव," मी म्हणालो. सरासरी काढण्यात आयुष्य गेलंय.

"सत्तर!"

सत्तर. म्हणजे तीस हजारांच्या कार्डाचा पुष्कळसा वेळ हुकमाची वाट बघण्यात जाणार. हे ऐकून माझ्यातला कर्मचारी सुखावला आणि पैसे भरणारा हादरला.

भाचेबुवा ढोलपथकात आहेत. ढोल वाजवतात, ताशा त्यांच्या हातात अजून कुणी दिलेला नाही. त्यामुळे पुढची शिकवणी मी त्याची घेतली. म्हटलं, अरे, हे तर तुमचं पथकच आहे. प्रोसेसर म्हणजे ताशा. हाताशी थोडे, पण तयारीचे. कुठली लय, कुठे उठाव, कुठे थांबायचं, हे सगळं तेच ठरवणार. कार्ड म्हणजे ढोल. एकेकट्या ढोलाला फार अक्कल लागत नाही; सांगितलेला ठेका सगळ्यांनी मिळून एकदम हाणायचा. आता आपले ताशे चार. आणि तुझ्या ४०६० मध्ये कोअर किती?

"तीन हजार बहात्तर."

३०७२ ढोल! डोंबिवलीच्या फडके रोडवर उभे केले तर पहिला ढोल गणेश मंदिराच्या दारात आणि शेवटचा कल्याणला. आता ताशेवाल्याचाच हात जड असला तर काय होईल? ३०७२ पोरं टिपरू उगारून ताटकळत उभी राहतील. मिरवणूक कुणामुळे रखडली हे रस्त्यावरच्या माणसाला कळत नाही, तो ढोलवाल्यांना शिव्या देतो. नवं कार्ड घालूनही खेळ अडखळला की लोक कार्डाला शिव्या देतात, तसंच.

ही ढोल-ताशांची वाटणी काही पहिल्यापासून नव्हती, असं कळलं. पूर्वी त्रिमितीय आकृत्या फिरवायचे, त्यांच्यावर उजेड कसा पडेल याचे हिशेबसुद्धा प्रोसेसरच करायचा. म्हणजे ताशा वाजवता वाजवता ढोलही. १९९९ साली एनव्हिडियाने जीफोर्स २५६ आणलं, ते हिशेब कार्डावर घेतले आणि त्याला 'जीपीयू' असं भारदस्त नाव देऊन टाकलं. डोंबिवलीत गुढीपाडव्याची स्वागतयात्राही त्याच १९९९ साली सुरू झाली. भाच्याला मी हा योगायोग सांगितला. त्याने फक्त "हं" केलं.

मग त्याने इंटरनेटवरची एक सोय उघडली. त्यात प्रोसेसरचं नाव टाकायचं, कार्डाचं नाव टाकायचं, की घोडं किती टक्के पेंड खाईल ते दशांश चिन्हासकट बाहेर येतं. मी खूश झालो. दशांश चिन्ह दिसलं की बँकेतल्या माणसाचा लगेच विश्वास बसतो. पण भाचाच म्हणाला, "यावर जाऊ नकोस. तू कुठला खेळ खेळणार आणि कसल्या पडद्यावर, हे विचारल्याशिवाय नीट उत्तर देताच येत नाही." पत्रिका जुळवणारे गुरुजी निदान जन्मवेळ तरी विचारतात.

पडद्याची गोष्ट तर मला दोनदा समजावून घ्यावी लागली. साध्या फुल एचडी पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. फोर-के पडद्यावर बरोबर चौपट, ८२ लाख ९४ हजार ४००. ठिपके रंगवायचं काम कार्डाचं. म्हणजे पडदा चौपट झाला की कार्डाचा घाम निघतो. प्रोसेसरचं काम मात्र जवळपास तेवढंच राहतं. खेळातला शिपाई छोट्या पडद्यावर मेला काय आणि मोठ्या पडद्यावर मेला काय, त्याचा पंचनामा सारखाच. म्हणून तोच जुना प्रोसेसर फुल एचडीला नापास होतो आणि फोर-केला कसाबसा पास होतो, कारण तिथे त्याच्या आधी कार्डच दमलेलं असतं. मोठा पडदा आणला की प्रोसेसरची अब्रू वाचते. आमच्या बँकेत नवा साहेब आला की जुन्या साहेबांबद्दल लोक बरं बोलायला लागायचे, त्यातलाच प्रकार.

खेळाखेळांतही फरक. शहर वसवायचे, सैन्य हलवायचे खेळ प्रोसेसरला पिळतात, कारण हजारो माणसांचं काय चाललंय याचा हिशेब ठेवायचा असतो. जंगल, पाऊस, ओल्या रस्त्यावरचं दिव्याचं प्रतिबिंब असले देखणे खेळ कार्डाला पिळतात. आणि व्हॅलोरंटसारखे, जिथे चित्र साधं पण वेग भयंकर, तिथे पुन्हा प्रोसेसरची कसोटी. "तू काय खेळतोस?" मी विचारलं. "व्हॅलोरंट," तो म्हणाला आणि ताईचं लक्ष नाही ना, हे बघून घेतलं.

म्हणजे प्रोसेसर बदलणं आलं. ठीक आहे, बदलू. दहा-बारा हजारांत सहा कोअरचा चांगला मिळतो म्हणे. पण इथे मला लहानपणी ऐकलेली साधूच्या लंगोटीची गोष्ट आठवली. लंगोटी उंदराने कुरतडली म्हणून साधूने मांजर आणलं, मांजराच्या दुधासाठी गाय आणली, गाईच्या चाऱ्यासाठी शेत घेतलं, आणि शेवटी संसारात पडला. आमचं तसंच झालं. प्रोसेसर नवा, तर त्याला बसायचं सॉकेट जुन्या मदरबोर्डवर नाही. म्हणून बोर्ड नवा. बोर्ड नवा, तर जुनी डीडीआर ३ रॅम त्यात बसत नाही, तिची खाच वेगळ्या जागी असते. म्हणून रॅम नवी. कार्डाला वीज पोचवायची वायर जुन्या एसएमपीएसला नाही; म्हणून एसएमपीएस नवा. आणि कार्ड जवळजवळ वीतभर लांब. ताईच्या शिवणाच्या टेपने मोजलं, तर जुन्या कॅबिनेटमध्ये ते हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याला आपटत होतं. म्हणून कॅबिनेट नवं. जुन्यातलं काय राहिलं? माउसपॅड आणि मॉनिटर. या मॉनिटरवर लक्ष ठेवा, पुढे काम आहे.

सॉकेटची कथा ऐकून तर मी थक्क झालो. इंटेल आपल्या सॉकेटला टाचणीएवढ्या टोकांच्या संख्येवरून नाव देते. आमचं ११५५. त्यानंतर आलं ११५०, म्हणजे पाच टाचण्या कमी करून नवा बोर्ड घ्यायला लावला. मग ११५१, एक टाचणी वाढली, आणखी एक बोर्ड. पुढे १२००, मग १७००, आता १८५१. त्यातही ११५१ची गंमत अशी, की २०१७ साली आठव्या पिढीचे प्रोसेसर आले, तेही ११५१ टाचण्यांचेच. जुन्या ११५१च्या बोर्डावर ते बसतात, पण चालत नाहीत. आमच्या सोसायटीच्या कमिटीत असे दोन सभासद आहेत. एएमडीवाल्यांनी मात्र २०१६ साली आणलेलं एएम ४ सॉकेट वर्षानुवर्षं तेच ठेवलं. एएम ५ यायला २०२२ उजाडलं.

आणि 'पिढी' हा शब्द हे लोक किती स्वस्तात वापरतात! वर्ष-दीड वर्ष झालं की नवी पिढी. "मामा, हा बाराव्या पिढीचा आहे," भाचा सहज म्हणतो. आमच्या घराण्यात बारा पिढ्या मोजायच्या तर शिवकाळात जावं लागेल.

"पण काय रे," मी माझी मुख्य शंका काढली, "कार्ड एनव्हिडियाचं आणि प्रोसेसर दुसऱ्याच कंपनीचा, हे पटेल का एकमेकांशी? एकाच घरातलं घेतलेलं बरं नाही का?" त्यावर त्याने सांगितलं की असं काही बंधन नाही. दोघांमध्ये पीसीआय एक्स्प्रेस नावाचा ठरलेला रस्ता असतो, त्याचे नियम सगळ्यांना सारखे. तुम्ही इंटेलचा प्रोसेसर घ्या नाहीतर एएमडीचा, कार्ड आपलं काम करतं. फक्त रस्ता किती रुंद आणि कितव्या आवृत्तीचा, एवढं बघावं. आवृत्ती एकने वाढली की वेग दुप्पट होतो. आरटीएक्स ४०६० सोळा पदरी स्लॉटात बसतं, पण वापरतं आठच पदर. त्यामुळे जुन्या आवृत्तीच्या बोर्डावर ते बसवलं तर त्याची वाट आणखी अरुंद होते. इंटेलने २०२२ पासून आर्क नावाची स्वतःची मोठी कार्डं काढली, त्यांना तर जुने प्रोसेसर मानवतच नाहीत; दहाव्या पिढीच्या अलीकडचाच घ्या, असं इंटेल स्वतः सांगते.

एएमडीने २००६ साली एटीआय ही कार्ड बनवणारी कंपनी विकत घेतली. त्यामुळे ती प्रोसेसरही बनवते आणि कार्डंही, आणि कार्डांच्या बाजारात एनव्हिडियाशी तिची हातघाईची लढाई चालते. एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग, एएमडीच्या लिसा सू. दोघांचा जन्म तैवानचा, आणि दोघं एकमेकांचे दूरचे नातेवाईक. भाच्याला यात मोठं नवल वाटलं. मला अजिबात वाटलं नाही. बांधाला बांध लागून असलेल्या दोन शेतांचे मालक चुलत घराण्यातलेच असतात.

शेवटी एका शनिवारी आम्ही ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलो. रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण त्या नावाने विचारलंत तर दुकानदार तुम्हाला पोस्टमन समजेल.

पहिल्या दुकानात आमचं स्वागत जोरात झालं. "साहेब, आय सेव्हन देतो. फोर जीबीचं ग्राफिक्स कार्ड देतो. कॅबिनेटमध्ये सात रंगांचे लाइट देतो. तुमच्या बजेटमध्ये एकदम ओके."

मी हुरळलो. फाइव्हपेक्षा सेव्हन मोठा, एवढं गणित मला येतं.

"कितव्या पिढीचा आय सेव्हन?" भाच्याने विचारलं.

"अहो, आय सेव्हन म्हणजे आय सेव्हन."

"आणि कार्ड कोणतं?"

"फोर जीबी."

"नाव काय त्याचं?"

बराच वेळ खोक्याची पाठ आमच्याकडे होती. मग खोकं फिरलं. जीटी ७३०. २०१४ साली आलेलं कार्ड, त्यात फार तर ३८४ कोअर. आमच्या ३०७२चा बरोबर आठवा हिस्सा. जीबीवरून कार्ड जोखणं म्हणजे कणगी मोठी दिसली म्हणून भाकऱ्या भराभर थापल्या जातील असं समजणं. आणि प्रोसेसर निघाला तिसऱ्या पिढीचा, म्हणजे आमच्या घरच्याचाच थोरला भाऊ. ढोलाला ताशा कमी पडतो हे मी शिकून आलो होतो. इथे ताशा पेन्शनीला आलेला आणि ढोल बारशाच्या खेळण्यातला. वर सात रंगांचे लाइट. मिरवणूक अशीही निघते.

दुसऱ्या दुकानातला माणूस कमी बोलणारा होता, म्हणून तिथे बसलो. त्याने आधी "काय खेळणार, मॉनिटर कोणता?" असं विचारलं. मॉनिटरच्या प्रश्नावर भाच्याने "आहे घरी" म्हणून विषय संपवला. मग त्या माणसाने वहीच्या मागच्या पानावर यादी लिहिली: कोअर आय फाइव्ह १२४०० एफ, सहा कोअर, बारा थ्रेड, त्याला जुळणारा बोर्ड, आठ-आठ जीबीच्या रॅमच्या दोन पट्ट्या. "सोळाची एकच पट्टी नको. दोन घातल्या की दोन्ही दारांनी ये-जा होते." मग ५५० वॉटचा एसएमपीएस. कार्ड स्वतः ११५ वॉट ओढतं, पण कंपनीच ५५०चा घ्या म्हणते. त्याने एका हातात हा आणि दुसऱ्या हातात एक बिननावाचा, पाठीवर ४५० वॉट छापलेला एसएमपीएस दिला. बिननावाचा इतका हलका होता की आत काही राहून तर गेलं नाही ना, असं वाटलं. वीजपुरवठ्याची परीक्षा कलिंगडासारखी उचलून करतात, हे नवं ज्ञान.

"ते शेवटचं एफ कशाला?" मी विचारलं. इंग्रजी एफवरून सुरू होणारे एक-दोन शब्द मनात येऊन गेले.

"एफ म्हणजे प्रोसेसरच्या आत स्वतःचं ग्राफिक्स नाही. तुम्ही कार्ड घेताय, मग आतल्याला कशाला पैसे देता?"

पटलं. पक्कं बिल केलं. वस्तू आणि अठरा टक्के जीएसटी मिळून आकडा साठ हजारांच्या पलीकडे गेला. श्रीखंडाच्या त्या दुसऱ्या वाटीएवढी महाग वाटी मी आयुष्यात खाल्लेली नाही.

परतीच्या वाटेवर, दादरला पश्चिमेकडून मध्यच्या फलाटावर जाताना, बाटलीची मान म्हणजे काय हे मला खऱ्या अर्थाने कळलं. गाडी बारा डब्यांची, दारं भरपूर, मिनिटभरात हजारो माणसं फलाटावर ओतली. आणि आमच्या समोर चढायला जिना एक. गाडीला आणखी तीन डबे जोडले असते तर आम्ही लवकर पोचलो असतो का? उलट जिन्याखाली आणखी तीन डब्यांची माणसं साठली असती. तीस हजारांचं खोकं छातीशी धरून मी त्या गर्दीत उभा होतो आणि पहिल्यांदाच मला जुन्या आय फाइव्हची कीव आली. बिचारा इतकी वर्षं दादरचा जिना होऊन राहिला होता.

रविवारी जेवणाच्या टेबलावर जोडणी झाली. अंगातली स्थिर वीज उतरवायला भाच्याने आधी लोखंडी कपाटाला हात लावला. ताईला वाटलं, नमस्कार केला. माझ्याकडे स्क्रू सांभाळायचं काम होतं. भावोजी पेपरच्या आडून तासातासाने "जुना काय वाईट होता?" एवढंच विचारत होते. संध्याकाळी पाच वाजता बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, आणि पडद्यावर अक्षरं आली: नो सिग्नल.

रॅम काढून घातली. कार्ड काढून घातलं. बटण पुन्हा दाबलं. नो सिग्नल. भाच्याचा चेहरा सीईटीच्या आदल्या रात्रीसारखा झाला. मी मनातल्या मनात साठ हजारांचा हप्ता काढून पाहिला. सात वाजता ताई टेबल मोकळं करून मागायला आली. दोन मिनिटं मागच्या बाजूला वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "ही टीव्हीची वायर वरच्या भोकात का घातलीस?"

"आई, ती नेहमी तिथेच असते."

"जुन्याची असेल. पण हे वरचं तर बोर्डाचं दिसतंय. तीस हजार घातलेत ते खालच्यात ना? मग खालच्यात घाल की."

खालच्यात घातली. पडदा उजळला. एफच्या प्रोसेसरला आत ग्राफिक्सच नाही, मग बोर्डाच्या भोकातून चित्र येणार कुठून? दुकानदाराने सांगितलं होतं, मी ऐकलं होतं, भाच्याला पाठ होतं. आणि दोन तास घोडं अडलं होतं एका भोकाच्या चुकीपाशी. साधा धडा आहे: जोडी जुळवणाऱ्यांनी सगळं बघितलं, जोडणारी वायर कुणी बघितली नाही.

रात्री व्हॅलोरंट लागलं. पडद्याच्या कोपऱ्यात सेकंदाला किती चित्रं तयार होतात याचा आकडा येतो, तो दोनशेच्या वर गेला. भाचा टाळ्या पिटायला लागला. मी आकडेवाला माणूस. म्हटलं, दोनशे चित्रं सेकंदाला हा पडदा दाखवतो का? मॉनिटरच्या मागे चिकटवलेला कागद वाचला. ६० हर्ट्झ. म्हणजे तो सेकंदाला साठच वेळा चित्र बदलणार. बाकीची चित्रं तयार होऊन बिचारी पूर्ण दिसणारच नाहीत. ताशे तयार, ढोल तयार, आणि ऐकणारे दाराबाहेर. घोडं प्रोसेसरपाशी पेंड खात होतं, तिथून त्याला हाकललं. ते चालत चालत २०१३ सालच्या मॉनिटरपाशी येऊन थांबलं होतं.

भाच्याने माझ्याकडे आशेने पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

इतक्या खटाटोपातून मला कळलं ते असं. घोडं कुठेतरी पेंड खाणारच. ते कुठेच खाणार नाही असा कॉम्प्युटर अजून कुणी बनवलेला नाही. आपण फक्त त्याने कुठे खावी एवढं ठरवायचं. ते कार्डापाशी खात असेल, तर जोडी जमली असं समजा. कारण सगळ्यात जास्त पैसे कार्डाला मोजलेले असतात, तेव्हा सगळ्यात जास्त राबायलाही त्यानेच हवं. खेळ चालू असताना कार्डाचा वापर पंच्याण्णव टक्क्यांच्या वर दिसला, की निवांत झोपा. तो पन्नास-साठवर रेंगाळत असेल, तर ताशेवाल्याकडे बघा. आणि प्रोसेसरचा एकूण आकडा चाळीस टक्के दिसला म्हणून फसू नका, चारांतला एक कोअर शंभरावर धापा टाकत असतो आणि बाकीचे तीन चहा पीत असतात. हे सरकारी कचेरीत अर्ज घेऊन गेलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

तुमच्याही घरी पाडव्याचं श्रीखंड होणार असेल आणि एखादा भाचा परीक्षेला बसणार असेल, तर एवढंच सांगतो. शब्द देण्याआधी त्याच्या मॉनिटरच्या मागचा कागद वाचा. आणि वायर खालच्या भोकात घाला.